उजव्या पायाचा हिशेब ठेवणारे यंत्र: ओबीडी अडॅप्टरचा चार महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या गाडीचे ॲव्हरेज शहरात बारा आणि महामार्गावर सोळा किलोमीटरवर येऊन अडकले. गाडी २०१६ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची साधी हॅचबॅक आहे. एअर फिल्टर बदलला, स्पार्क प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, पण आकडा जागचा हलला नाही. तेव्हा आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने स्पष्टच सांगितले, ‘साहेब, गाडीत काही दोष नाही. आता तुम्ही चालवता कशी, ते बघा.’ त्या वेळी हे ऐकायला बरे वाटले नाही. मात्र त्याच बोलण्यामुळे मी सोळाशे रुपयांचा एक ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती फोनवर दाखवणारी डबी, विकत घेतला आणि पुढचे चार महिने, सुमारे चार हजार किलोमीटर, तो लावून गाडी चालवली. त्या वस्तूचे हे परीक्षण आहे, पण वस्तूपेक्षा तिने जे दाखवले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, म्हणून लिहिण्यात भरही त्यावरच राहील.

प्रथम वस्तूविषयी. स्टिअरिंगच्या खाली, क्लचच्या वरच्या बाजूला हात घातला की सोळा पिनांचे एक सॉकेट हाताला लागते. गाडीतील दोष शोधण्यासाठी सर्व्हिस सेंटरवाले याच सॉकेटमध्ये आपले यंत्र जोडतात. अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २०१३ पासून नव्या मोटारींमध्ये ही ओबीडी-२ व्यवस्था बंधनकारक आहे. अडॅप्टर म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. ती या सॉकेटमध्ये बसवली की इंजिनाच्या संगणकाकडील माहिती ब्लूटूथने फोनवर येते. इंजिनाचे फेरे, वेग, कूलंटचे तापमान, आत जाणारी हवा, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडे आहे हे सारे दिसते आणि त्यावरून ॲप त्या क्षणाचा पेट्रोलचा खप काढते. ही डबी पेट्रोलचा एक थेंबही वाचवत नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. अगदी अशाच आकाराच्या, ‘लावताच इंधन वाचते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्याही बाजारात आहेत आणि त्यांपासून दूर राहावे, असे माझे ठाम मत आहे. अशी एक डबी मी उघडून पाहिली. आत दिवा लुकलुकवण्यापलीकडे काहीही करणारे सर्किट नव्हते.

खरेदीत माझी पहिल्यांदा चूक झाली. साडेतीनशे रुपयांचा अडॅप्टर मागवला. तो अशा अडॅप्टरांत वापरल्या जाणाऱ्या ईएलएम ३२७ या चिपची नक्कल निघाला. दर पाच-सात मिनिटांनी जोडणी तुटे, हवेचा आकडा मध्येच शून्य होई आणि विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. दुसरा अडॅप्टर घेताना किमतीकडे न पाहता, आपल्या गाडीच्या मॉडेलवर तो चालल्याचे कोणी सांगितले आहे का आणि त्याला बंद करण्याचे बटण आहे का, या दोन गोष्टी पाहिल्या. बटणाचे महत्त्व मला दुसऱ्याच महिन्यात कळले. सॉकेटमधील सोळाव्या पिनेला बॅटरीचा पुरवठा चावी बंद असतानाही चालूच असतो. डबी चालू ठेवून मी बारा दिवस गावाला गेलो आणि परतल्यावर गाडी सुरूच झाली नाही. बॅटरी जुनी होती हे खरे, तरीही दोष माझ्याच विसरण्याचा होता. बटण नसलेला अडॅप्टर असेल, तर उतरताना तो काढून ठेवण्याची सवय लावावी.

आकडे किती खरे, हा पुढचा प्रश्न. पहिल्या तीन टाक्यांना मी ऑटो कटपर्यंत पेट्रोल भरून, ओडोमीटरची नोंद ठेवून ताळा केला. ॲप दर वेळी सहा-सात टक्के जास्त ॲव्हरेज दाखवत होते. याचे कारण शोधताना बरेच शिकायला मिळाले. आत गेलेली हवा मोजून ॲप पेट्रोल काढते आणि त्यासाठी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, असे धरते. आपल्या पंपांवर मात्र आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, त्यामुळे या मिश्रणाचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर प्रत्यक्षात अधिक इंधन आत जाते आणि ॲपला त्याचा पत्ता नसतो. सेटिंगमध्ये हे प्रमाण बदलल्यावर चौथ्या टाकीला फरक दीड टक्क्यावर आला. ज्यांना हे यंत्र निरुपयोगी वाटले त्यांच्यापैकी कित्येकांनी हा ताळा केलेला नसावा, असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. माझा रोजचा रस्ता धनकवडीहून शिवाजीनगरचा, एका बाजूने साधारण दहा किलोमीटरचा. पहिल्या आठवड्यात मी नेहमीसारखीच गाडी चालवली आणि घरी आल्यावर नोंदी पाहिल्या. आलेखावर थ्रॉटलची रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. सिग्नल सुटला की एकदम वर, पुढच्या सिग्नलजवळ एकदम खाली. आपण वाहत्या रहदारीबरोबर सुरळीत चालतो, असा माझा इतकी वर्षे समज होता. त्या रेघेने तो पुसून टाकला.

त्या दात्यांची किंमत काढता येते. चालकासह सुमारे हजार किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असते तेव्हा तिच्यात साधारण ९६ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि छोट्या इंजिनाच्या गाडीत तिचा फार तर पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. या हिशेबाने ताशी ५० चा वेग गाठायला सुमारे १२ मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या झाकणातील एका मात्रेएवढे पेट्रोल लागते. ब्रेक दाबला की ते सगळे डिस्क तापवण्यात जाते. माझ्या दहा किलोमीटरांत असे दहा वेळा होत होते, म्हणजे १२० मिलिलिटर. त्या वेळच्या ॲव्हरेजने या दहा किलोमीटरांना सुमारे ८३० मिलिलिटर पेट्रोल लागत होते, तेव्हा जवळजवळ सातवा हिस्सा मी फक्त पुढच्या लाल दिव्यापाशी लवकर पोहोचून थांबण्यासाठी जाळत होतो. हे गणित शाळेतलेच आहे, परंतु समोर स्वतःच्या गाडीचा आलेख असल्याशिवाय मी ते कधी मांडले नसते.

येथे माझ्या मामांचा उल्लेख करायला हवा. मामा सातारा भागात एसटीचे चालक होते आणि निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली. एसटीत डिझेलचा हिशेब ‘केपीटीएल’मध्ये, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर, असा ठेवतात, आणि ज्याचा केपीटीएल चांगला त्या चालकाला आगारात मान असतो. दिवाळीनंतर त्यांना पुण्याहून साताऱ्याला सोडायला निघालो, तेव्हा फोन मी त्यांच्या हातात दिला आणि आकडे वाचायला सांगितले. खेड शिवापूरचा नाका ओलांडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘पुढं तो ट्रक दिसतोय का तुला?’ मी म्हटले, ‘दिसतोय की.’ ‘मग त्याच्या मागं जाऊन ब्रेकच मारायचाय, तर आत्ता पाय कशाला दाबतोस? आत्ताच सोड.’ मी पाय काढला. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे न वळवता नुसते वाचून दाखवले, ‘शून्य. आता शून्य पेट्रोल जातंय.’

हे शून्य खरे असते. गाडी गिअरमध्ये आहे, वेगात आहे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला आहे, अशा वेळी इंजेक्टर पेट्रोल सोडणेच बंद करतात आणि चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात. फेरे आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असतानाच्या फेऱ्यांच्या, जवळ उतरले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. त्यामुळे दूरवरचा अडथळा ओळखून पाय लवकर काढणाऱ्याला दोन्हीकडून लाभ होतो. आधी कमावलेला वेग ब्रेकमध्ये वाया जात नाही आणि तेवढा पल्ला पेट्रोलही लागत नाही. मामांनी हे तंत्र कोणत्याही स्क्रीनशिवाय, तीस वर्षे, गच्च भरलेल्या गाडीवर वापरले होते. त्यांची नजर पुढच्या वाहनावर नसे, त्याच्याही पुढच्या तिसऱ्या-चौथ्या वाहनावर असे. शिरवळपर्यंत मी तसेच पाहण्याचा प्रयत्न केला. डोळ्यांना सुरुवातीला ताण पडतो, पण विसाव्या किलोमीटरला ते सवयीचे व्हायला लागले होते.

खंबाटकी घाटात दुसरा धडा मिळाला. चढावर गिअर बदलण्याचा आळस म्हणून मी चौथ्यातच पाय पूर्ण दाबून चढण्याचा प्रयत्न करीत असे. इंजिन गुरगुरू लागले तेव्हा मामा म्हणाले, ‘तिला धाप लागलीय, खाली घे.’ तिसऱ्यात घेऊन, अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास, पाय अर्ध्यावर स्थिर ठेवून चढलो तर खप थोडा कमीच दिसला. एरवी वरचा गिअर आणि कमी फेरे हेच पेट्रोल इंजिनाला स्वस्त पडते, कारण खालच्या गिअरमध्ये थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची ताकद खर्च होते. म्हणून सपाटीवर मी आता दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गिअर वर टाकतो आणि ताशी चाळीसला चौथ्यात असतो. मात्र पाय तळाला टेकवला की इंजिनाचा संगणक संरक्षणासाठी मिश्रणात जादा पेट्रोल घालतो. माझ्या ॲपवर त्या क्षणी ‘ओपन लूप’ अशी अक्षरे उमटत. चढावर त्या अक्षरांच्या अलीकडे राहणे, एवढाच नियम मी स्वतःपुरता केला आहे.

वेगाच्या बाबतीत मात्र मामांशी माझे एकमत व्हायला वेळ लागला. मोकळ्या महामार्गावर ८० ने जाणे मला कंटाळवाणे वाटे. म्हणून एका रविवारी पहाटे, वारा पडलेला असताना, एकाच चाळीस किलोमीटरच्या टप्प्यावर एकदा १०० ने आणि पुढच्या रविवारी ८० ने, पाचव्या गिअरमध्ये, एसी बंद ठेवून गेलो. १०० ला लिटरमागे सोळा किलोमीटर मिळाले, ८० ला वीस. म्हणजे अडीच लिटरच्या जागी दोन लिटर लागले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० वर जाताना तो दीडपटीहून अधिक होतो. यात आश्चर्य काही नाही, पण वेळेचा हिशेब मांडला तेव्हा मी थबकलो. ८० ने तीस मिनिटे लागतात आणि १०० ने चोवीस. सहा मिनिटांसाठी अर्धा लिटर, म्हणजे पन्नासहून अधिक रुपये. ज्यांना त्या सहा मिनिटांची खरोखर गरज असेल त्यांनी जरूर द्यावेत. मला ती कधी लागली, हे आठवून पाहिले तर वर्षातून दोन-तीन प्रसंगांपलीकडे आठवत नाहीत.

याच संदर्भात, कंपनीने सांगितलेले प्रमाणित ॲव्हरेज रस्त्यावर मिळत नाही, अशी लोक जी तक्रार करतात, तिच्याबद्दलही लिहितो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत हे मोजमाप रोलरवर, ठरावीक वेग-क्रमानुसार, एसी बंद ठेवून होते आणि त्या क्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. तो आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करता यावी यासाठी तो असतो आणि त्यात माझ्या पायाची करवत धरलेली नसते.

परतीच्या प्रवासातील एक गोष्ट मला सर्वांत कळकळीने सांगायची आहे. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचते, हा समज ट्रकचालकांपासून मोटारवाल्यांपर्यंत पसरलेला आहे आणि खरे सांगायचे तर एके काळी मीही ते करीत असे. याच पट्ट्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने ओळीने कित्येक गाड्यांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे कारण पुढे आले होते. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी मदत जाते, न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो आणि वजनदार वाहनाचे ब्रेक तापून निकामी होतात. हे सगळे कशासाठी? मी माझ्या गाडीवर आकडे पाहिले. चौथ्या गिअरमध्ये पाय सोडून उतरताना खप शून्य होता. रस्ता मोकळा आणि वेग कमी असताना, क्षणभरच, फक्त नोंदीसाठी न्यूट्रल केले तेव्हा तो ताशी ०.७ लिटर झाला, कारण इंजिन सुरू ठेवायला त्याला स्वतःचे पेट्रोल जाळावे लागले. ज्या बचतीसाठी लोक जीव धोक्यात घालतात ती आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत नाहीच, उलट खर्च आहे. कार्बोरेटरच्या काळातील ही शिकवण आता कोणी कोणाला देऊ नये. हे एक वाक्य चार जणांपर्यंत पोहोचले तरी सोळाशे रुपये सार्थकी लागले, असे मी समजेन.

बाकीच्या निरीक्षणांवर फार वेळ घालवत नाही. सिग्नलला इंजिन चालू ठेवले तर ताशी ०.७ आणि एसी लावला तर १.१ लिटर जाते. तीन मिनिटांच्या थांब्याला ५५ मिलिलिटर हे त्याचे रूप. अर्ध्या मिनिटाहून मोठा थांबा दिसला की आता मी इंजिन बंद करतो. सकाळी थंड इंजिनावर पहिले दोन किलोमीटर लिटरमागे सातच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे दूध-भाजीसाठी गाडी काढणे बंद केले आहे. टायरमध्ये हवा पाच-सहा पीएसआय कमी असल्याचा परिणाम आलेखावर वेगळा ओळखता आला नाही, पण तो असतो हे सर्वमान्य आहे आणि हवा तपासायला काही खर्चही नाही.

यंत्राच्या मर्यादाही नोंदवतो. क्षणिक ॲव्हरेजचा मोठा आकडा फसवा असतो. उतारावर तो नव्व्याण्णव दाखवतो, गाडी हलवताना दोन दाखवतो आणि दोन्हींना फारसा अर्थ नसतो. नवशिका चालक त्या आकड्यामागे लागला तर सिग्नल सुटल्यावर इतका हळू निघतो की मागचे हॉर्न वाजवू लागतात. वेग गाठताना फार रेंगाळण्यात काही मिळत नाही. माझ्या नोंदींनुसार मध्यम पायाने निघून लवकर वरचा गिअर गाठणे अधिक किफायतशीर ठरले. त्याहून गंभीर मर्यादा म्हणजे स्क्रीन. चालवताना फोनकडे पाहणे धोक्याचे आहे आणि बेकायदाही. मी पहिल्या आठवड्यातच स्क्रीन बंद करून फक्त नोंद चालू ठेवली आणि रोज रात्री पाच मिनिटे ती पाहिली. शिकणे त्यामुळे हळू झाले असेल, पण कमी झाले नाही. शेजारी कोणी वाचून दाखवणारे असेल तर उत्तमच.

पैशांचे सांगायचे तर माझा महिन्याचा प्रवास शहरात सहाशे आणि महामार्गावर चारशे किलोमीटरचा आहे. शहरात बारावरून चौदा आणि महामार्गावर सोळावरून एकोणीस, असा बदल चौथ्या महिन्यात स्थिर झाला, आणि हे आकडे टाकी फुल करून काढलेले आहेत, ॲपवरचे नाहीत. महिन्याला अकरा लिटर पेट्रोल कमी लागते. या हिशेबाने अडॅप्टरची किंमत दीड महिन्यात वसूल होते. ज्यांच्या गाडीत पूर्वीपासून क्षणिक आणि सरासरी खप दाखवणारा पडदा आहे, त्यांनी हे यंत्र घेण्याची गरज नाही. तोच पडदा प्रत्येक टाकीला शून्यावर आणून पाहावा. जुनी गाडी असणाऱ्यांनी आणि एका गाडीवर घरातील दोन-तीन जण चालक असणाऱ्यांनी जरूर घ्यावे. आमच्याकडे पत्नीच्या आणि माझ्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा तिच्या आलेखाला दाते कमी होते आणि तिचे शहरातील ॲव्हरेज पहिल्या दिवसापासून माझ्याहून लिटरमागे सव्वा किलोमीटरने अधिक होते. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोलही एकाच पंपाचे.

आता अडॅप्टर ग्लव्ह बॉक्समध्ये असतो. महिन्यातून एक आठवडा तो लावतो, कारण पाय पुन्हा जड होऊ लागला तर ते मला स्वतःहून कळत नाही, नोंदीवरून कळते. दर एक तारखेला साताऱ्याहून मामांचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘केपीटीएल किती आला?’ या वेळी सातारा-पुणे फेरीचा एकशे ब्याण्णव आला, असे मी सांगितले. ‘दोनशे होतोय,’ ते म्हणाले, ‘खंडाळ्याच्या अलीकडं अजून एकदा ब्रेक मारतोयस तू.’ मी नोंद काढून पाहिली. मारला होता.